अकरा टीव्ही

ती घटना सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली. निवृत्तीनंतर चार लोकांत बसलो की पकडलेल्या दरोडेखोरांच्या हकिकती मी रंगवून सांगतो. ही त्यांत कधी आली नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात टीव्ही नवा होता. धरमपेठेतल्या बंगल्यांवर अँटेना दिसू लागल्या होत्या, पण गिरणी कामगारांच्या वस्त्यांना तो परवडत नव्हता. अशाच एका वस्तीत एक रेडिओ मेकॅनिक राहायचा. भंगारातून जुन्या पिक्चर ट्यूब आणायचा, सुताराकडून खोकी करून घ्यायचा आणि दुकानातल्यापेक्षा निम्म्या खर्चात टीव्ही जुळवून द्यायचा.

मी महाल भागातल्या ठाण्यात फौजदार होतो. एका गोदामातून नव्या पिक्चर ट्यूब चोरीला गेल्याची फिर्याद आमच्याकडे होती. तपास अडला होता आणि वरून रोज विचारणा होत होती. अशात एक टीव्ही दुकानदार ठाण्यात चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, त्या वस्तीत इतका सस्ता टीव्ही कुठून येते, विचारलं का कधी?" खबर देणाऱ्याचा स्वार्थ आधी पाहावा, हे मीच शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी मी पाहिला नाही.

रविवारी संध्याकाळी, सिनेमा सुरू असताना, आम्ही अकरा घरांतून अकरा टीव्ही उचलले. एक बाई दारात आडवी आली. "नेता तं न्या जी. मंग ह्या पोराईले सिनेमा पाह्यले तुमच्या घरी धाडू का?" सगळी गल्ली हसली. मला राग आला आणि तो मी ठाण्यात मेकॅनिकवर काढला.

तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "काहून मारता जी, साहेब? ह्या थकलेल्या ट्यूबा हायेत. एक टीव्ही लावून पाहा ना. चित्र यायले पाच मिनिटं लागन, अन् तेही फिकं. नवी ट्यूब अशी राह्यते का?"

मी म्हणालो, "मुद्देमाल सील झाला. आता हात लावता येत नाही." ते खोटे होते. सीलची लाख अजून शेगडीवर वितळत होती. मग त्याच्या उजव्या हातावर रूळ बसला. मारणारा मीच होतो.

एक टीव्ही सील करायचा राहून गेला होता. तिसऱ्या दिवशी हवालदाराने क्रिकेट पाहायला तो लावला. पडदा बराच वेळ काळाच राहिला. मग राखेसारखे चित्र हळूहळू उमटले. हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, तो तं खरं बोलून राहिला होता जी."

मी सगळी सीले फोडायला लावली आणि ट्यूबांचे नंबर गोदामाच्या यादीशी ताडून पाहिले. एकही जुळला नाही. पुढे चोर गोदामाचाच कारकून निघाला.

मेकॅनिक सुटला, टीव्हीही परत गेले. पण त्याची तीन बोटे पुन्हा वळली नाहीत. हातात सोल्डरिंग आयर्न ठरत नव्हते. नवे टीव्ही जुळवणे थांबले, आणि वस्तीतले अकराही दुरुस्तीवाचून एकेक करून बंद पडले. डायरीत मी नोंद केली होती : 'पळताना पडून हातास दुखापत.' आज लिहून देतो, तो पळाला नव्हता. बोलावल्याबरोबर चप्पल घालून तो स्वतः जीपमध्ये बसला होता.

आरोपी जे तपासून पाहा म्हणतो ते सर्वांत आधी तपासावे, एवढे मी यातून शिकलो. उरलेल्या नोकरीत ते पाळलेही. त्याचा त्याला काय उपयोग!

निवृत्त होऊन प्रताप नगरात राहायला आल्यावर एका सकाळी मी त्याच्या घरी गेलो. काय बोलायचे ते रस्ताभर मनाशी घोकले होते. त्याने मला ओळखले. डाव्या हाताने खुर्ची ओढली. "या साहेब, बसा जी. टीव्ही बिघडला काय?"

"हो," मी म्हणालो. "चित्र हलतं."

"माह्याच्यानं तं आता होत नाही," तो म्हणाला आणि डाव्या हाताने, सावकाश, एका दुसऱ्या मेकॅनिकचा पत्ता लिहून दिला. चिठ्ठी घेऊन मी परत आलो. नंतर कळले, तो वारला.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. माझ्या घरचा टीव्ही तेव्हा व्यवस्थित चालत होता.