आमचं घर बघायला आलेली माणसं

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही इतकी वर्षं राहिलो, की ते घर आपलं नाही हे फक्त आईच्या लक्षात असायचं. मी भिंतीवर काही चिकटवायला गेले की ती म्हणायची, "जपून हं, सरकारचं आहे." बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावंच लागणार होतं. पुण्याला परत जायचं का, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. पण माझी नोकरी गुडगावला होती, आणि आईला आता दिल्लीच्या हिवाळ्याशिवाय करमलं नसतं. शेवटी गुडगावच्या बाहेरच्या अंगाला, नव्या सेक्टरमध्ये एका टॉवरमधला फ्लॅट ठरला.

बिल्डरवर बाबांचा विश्वास नव्हता. बँकेवर होता.

"एवढी मोठी बँक कर्ज देतेय," ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्या वकिलांनी कागद तपासलेच असणार. आपलं अर्धं काम झालं यार."

फ्लॅट मिळाला. राहायला गेलो त्या दिवशी आईने हौसेने सगळ्या खोल्यांत, अगदी बाथरूममध्येसुद्धा, खिळे ठोकून घेतले. काय टांगायचं ते ठरलं नव्हतं. खिळे मात्र तयार. घर आमच्या नावावर करायची रजिस्ट्री तेवढी राहिली होती. बिल्डर 'पुढच्या महिन्यात करू' म्हणायचा आणि आम्ही मान डोलवायचो.

असेच काही पुढचे महिने गेले. मग एका सकाळी आई दूध घेऊन परत येताना गेटपाशी थांबली. दोन माणसं खळीची बादली घेऊन खांबावर कागद चिकटवत होती. आईने चष्मा नेला नव्हता, म्हणून तिने त्यांनाच विचारलं, "भैया, क्या लिखा है?"

"आंटी, बिल्डिंग बँक ने ले ली है," एकजण सहज म्हणाला, पाणी येणार नाही म्हणून सांगावं तसं.

हळूहळू सगळा प्रकार कळला. आम्हाला फ्लॅट विकून झाल्यावर बिल्डरने तोच टॉवर गहाण ठेवून भलंमोठं कर्ज उचललं होतं. ते बुडवून तो नाहीसा झाला होता. आणि त्याला कर्ज देणारी बँक कोणती? जिचा हप्ता बाबा दर महिन्याला भरत होते, तीच.

मी आणि बाबा त्या बँकेच्या ऑफिसात गेलो. काचेची मोठी इमारत, आत कॉफीचा वास. समोरचा अधिकारी माझ्याच वयाचा होता, बोलायला अतिशय नम्र.

"सर, आपका होम लोन है, वो रिटेल डिपार्टमेंट है," तो म्हणाला. "बिल्डर का प्रोजेक्ट लोन है. दोनों अलग हैं."

"डिपार्टमेंट दो होंगे बेटा," बाबा म्हणाले, "घर तो एक ही है ना? आपको पता था कि हमें बिक चुका है. आपने ही तो पैसे दिए थे हमें."

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. आम्ही उठलो तेव्हा म्हणाला, "सर, ईएमआई मत रोकिएगा. आपका रेकॉर्ड बहुत अच्छा है."

बाहेर आल्यावर बाबांना इतकं हसू फुटलं की ते पायरीवरच बसले. मीही हसले.

ते दिवस वाईट होते, हे लिहायलाच हवं. बाबांची झोप उडाली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने घाबरून पडेल त्या भावात आपला हक्क सोडला आणि ते गावी निघून गेले. जाताना त्या घरातली बाई स्वयंपाकघराचा ओटा पुसत होती. ज्याच्यावर आता तिला कधी स्वयंपाक करायचा नव्हता, तो ओटा. बँकेच्या कुठल्या डिपार्टमेंटमध्ये याची नोंद होते, कोण जाणे.

उरलेले आम्ही पार्किंगमध्ये जमलो. आमच्यातच एक तरुण वकील होती, आठव्या मजल्यावर राहायची. तिने कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात अर्ज लावला. पण तिथली तारीख लांबची होती, आणि बँकेने लिलावाची जाहिरात त्याआधीच दिली. लिलाव ऑनलाइन होणार होता. त्याआधी एका रविवारी इच्छुकांनी येऊन फ्लॅट बघून जावेत, असं जाहिरातीत लिहिलं होतं.

"गेट पे ताला मारो," एकजण म्हणाला. "किसी को अंदर नहीं आने देंगे."

"और पुलिस बुला ली तो?" वकीलबाई म्हणाली.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या पंजाबी आंटी उठल्या. विधवा, दणकट, आवाज तीन मजल्यांना पुरणारा. "क्यों रोकना है? आने दो. घर आए मेहमान हैं."

आईला एकदम काहीतरी सुचलं. ती माझ्याकडे वळून मराठीतच म्हणाली, "अगं, मुलगी बघायला येतात ना, तसं करू. चहापोहे द्यायचे, नीट बसवायचं. फक्त काहीही लपवायचं नाही."

मी हिंदीत सांगितल्यावर पार्किंगमध्ये जो हशा उठला, तसा कित्येक आठवड्यांत कुणी हसलं नव्हतं.

रविवारी थंडीतलं छान ऊन होतं. आईने एवढे पोहे भिजवले की परात अपुरी पडली आणि बादली घासून घ्यावी लागली. आंटींनी मुळ्याचे पराठे केले. बँकेचा तोच नम्र अधिकारी फायली घेऊन आला आणि गेटवर रांगोळी बघून गोंधळला. "कोई फंक्शन है क्या?"

"आज हमारा घर देखने लोग आ रहे हैं," आई म्हणाली. "आप भी खाके जाइए."

माणसं आली. काही दलाल, काही जोडपी, काही नुसतीच स्वस्तातलं घर शोधणारी. प्रत्येकाला आम्ही आत बोलावून बसवलं आणि खरं ते सांगितलं. "ही खोली माझ्या मुलीची," आई दाखवत जायची. "इथे सकाळी ऊन येतं. ही ओल, दर पावसाळ्यात येते. हे आम्ही भरलेल्या पैशांचे कागद. केस कोर्टात आहे. घ्यायचं असेल तर घ्या, पण आम्ही कुठे जाणार ते अजून ठरलं नाही." तिच्या हिंदीत मराठी इतकी मिसळायची की आंटी मागून भाषांतर करत होत्या, आणि त्यात स्वतःची भर घालत होत्या. दलाल चहा न पिताच सटकले. एक नवरा-बायको मात्र पोहे खाऊन उठले तेव्हा बायको नवऱ्याला म्हणाली, "चलो, ये नहीं लेना. किसी का है."

दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. मुलासाठी घर बघत होते. बाबांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी पैशांचे कागद एकेक करून वाचले. मग बाबांनी विचारलं, "आप कहाँ से?"

"पानीपत."

बाबा हसायला लागले. "हमारी मराठी में क्या कहते हैं, पता है? किसी का सब कुछ बरबाद हो जाए तो कहते हैं, उसका पानिपत हो गया."

मला वाटलं, त्यांना राग येईल. पण ते पोट धरून हसले. "भाईसाब, हम तो कंबल बनाते हैं. हमारे यहाँ पानीपत का मतलब है, सर्दी में चैन की नींद."

ते संध्याकाळपर्यंत थांबले. इतर बघायला येणाऱ्यांना आमच्या वतीने तेच समजावू लागले. आंटींचा पराठा हातात धरून बँकेच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "बेटे, उधार देने से पहले दुकान हम भी देखते हैं. तुम लोगों ने आँख बंद करके दिया और अब इनके बिस्तर उठाओगे?" अधिकारी खाली बघत पोहे खात राहिला. जाताना त्याने आईला हलक्या आवाजात विचारलं, "आंटी, इसमें मूँगफली डालते हैं ना?" आईने त्याला डबा भरून दिला. मला ते तेव्हा आवडलं नाही. आंटींनाही नाही.

लिलावाच्या दिवशी आम्ही सगळे वकीलबाईच्या घरी लॅपटॉपसमोर बसलो. वेळ संपली. आमच्या टॉवरवर एकही बोली आली नव्हती. आंटींनी बाल्कनीत जाऊन थाळी बडवली, आणि खाली कुत्री भुंकायला लागली.

बँकेने पुन्हा लिलाव लावायच्या आत आमची तारीख लागली. न्यायाधिकरणाने बँकेच्या वकिलांना विचारलं, की ज्या फ्लॅटसाठी तुम्हीच लोकांना कर्ज दिलंत, तेच फ्लॅट बिल्डरकडून गहाण कसे घेतलेत? वकिलांनी पुढची तारीख मागितली. तीही गेली, अजून एक गेली, आणि शेवटी आदेश आला: राहत्या लोकांची घरं सोडा, बिल्डरच्या मोकळ्या जमिनीवरून वसूल करा. पानिपतच्या गृहस्थांना बाबांनी फोन केला, तर ते इतके मोठ्याने ओरडले की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. त्यांच्या मुलाने नंतर भाड्याने का होईना, आमच्याच सोसायटीत घर घेतलं.

खालच्या मजल्यावरचं कुटुंब परत आलं नाही. ती बाई आईला अधूनमधून फोन करते.

पुढे त्याच आदेशाच्या जोरावर, बिल्डरशिवायच, रजिस्ट्री झाली. तहसीलच्या त्या ऑफिसात अख्खा टॉवर लोटला होता, आंटी लिपस्टिक लावून आल्या होत्या. प्रत्येकाचा कॉम्प्युटरवर फोटो काढायचा असतो. बाबांची पाळी आली. ऑपरेटरने एकदा काढला, पुसला, पुन्हा काढला.

"अंकल, सीरियस फेस चाहिए. सरकारी काग़ज़ है."

बाबांनी ओठ घट्ट मिटले. मान वळवून आईकडे पाहिलं, आणि परत हसू फुटलं.

"रहने दीजिए," आई ऑपरेटरला म्हणाली. "आज इनसे नहीं होगा."

मागे रांग खोळंबली होती. त्याने तसाच घेतला.