दोन हात पुढं बसवलेला देव

आमच्या कॉलेजात मी आल्याशिवाय एकही तास सुरू होत न्हाय. कारण घंटा मी वाजवतो, आणि घंटा सोडली तर मला दुसरं काय येत पण न्हाय.

चौथीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, बाकडी कमी हायेत, याला घेऊन जा. पुढं वाचायला शिकलो ते कॉलेजच्या मस्टरवरची नावं बघून बघून. म्हणून नावं मला झटकन वाचता येतात, बाकीचं वाचताना ओठ हलतात. असा माणूस भिवंडीच्या कॉलेजात शिपाई लागला आणि हळूहळू त्याला वाटायला लागलं की आपण पण शिक्षणातलेच. गावात कुणी विचारलं तर मी सांगायचो, "कॉलेजात हाय." कॉलेजात काय हाय ते सांगायचो न्हाय.

तर आमच्याकडं समाजशास्त्राच्या एक मॅडम होत्या. भिवंडीतल्याच नारपोलीच्या, बौद्ध घरातल्या, वय तिशीच्या आत. नोकरी पक्की न्हाय, तासावर. जेवढे तास घेतील तेवढा पगार, आणि जूनमध्ये परत बोलावतील की न्हाय ते प्राचार्यांच्या मर्जीवर. पण त्या वर्षी एक पक्की जागा निघणार होती आणि सगळा स्टाफ बोलायचा की ती मॅडमलाच मिळणार. शिकवायच्याच तशा. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची पोरं पण मोबाइल खाली ठेवायची. मी खडूचा डबा द्यायला जायचो आणि मग व्हरांड्यातच घुटमळायचो. झाडू हातात असला की उभ्या माणसाला कुणी रिकामा बोलत न्हाय.

एकदा त्यांचा धर्मावरचा धडा चालू होता. पहिल्याच दिवशी त्या पोरांना बोलल्या, "देव आहे की नाही, हे या वर्गात आपण ठरवणार नाही. माणसं मानायला कशी लागतात, एवढंच बघायचं. घरी पूजा करा, इथे प्रश्न विचारा." मग पोरांना काम दिलं. प्रत्येकानं आपल्या गावातल्या जुन्या माणसाला विचारायचं, आपला देव इथं कसा आला. आणि वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहून घेतला: ज्यानं सांगितलं त्याचं नाव बाहेर सांगायचं न्हाय. कायबी झालं तरी.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये चहा दिला तर मला विचारतात, "काका, तुमचं गाव खाडीकडचं ना? तुमच्याकडे देव कसा आला?"

मला एवढं कुणी विचारत न्हाय. मला विचारतात ते, झेरॉक्स झाली का. माझी जीभ सुटली.

माझ्या आज्याची खाडीत होडी होती. लोखंडी नांगर घ्यायची ऐपत न्हाय, म्हणून एका काळ्या धोंड्याला भोक पाडून दोरी बांधली होती. होडी थांबवायची तर धोंडा पाण्यात टाकायचा. पुढं होडी कुजली आणि धोंडा शेतात येऊन पडला. शेजारचा शेतकरी दर पावसाळ्यात आमचा बांध कोरायचा, वर्षाला एक वीत. बापानं भांडून बघितलं, काय फरक न्हाय. मग एका अवसेला पहाटे बापानं तो धोंडा बांधावर पुरला, तेल-शेंदूर लावला, नारळ फोडला आणि गावात सांगितलं की मला सपनात देव दिसला. शेंदूर लागलेल्या दगडाला कुदळ लावायची आमच्याकडं कुणाची छाती न्हाय. बांध कोरायचा थांबला. पण बाप माझा बाप होता. पुरता पुरता त्यानं देव शेजाऱ्याच्या हद्दीत दोन हात पुढं पुरला. आणि सकाळी शेजारी स्वतः नारळ घेऊन आला.

आता तिथं शेत न्हाय, सगळी गोडाऊनं. देवाला टाईल्सचं देऊळ झालं. दोरीचं भोक हाय, त्याला देवाचा डोळा बोलतात. आणि देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष कोण, तर त्याच शेजाऱ्याचा नातू. ज्याची जमीन गेली त्याच्याच घरातला माणूस आरती धरतो.

स्टाफरूम हसून लोळली. मॅडम हसल्या न्हायत, लिहून घेत होत्या. मग बोलल्या, "वर्गात सांगू का? नाव नाही घेणार."

"सांगा की," मी बोललो. मला वाटलं, चौथी नापास माणूस डायरेक्ट बी.ए.ला लागला.

त्या तासाला मी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभा. स्वतःचीच गोष्ट ऐकायला. मॅडमनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली. गावाचं नाव न्हाय, माझं न्हाय. 'दोन हात पुढं' आलं तेव्हा पोरं खदखदली. मॅडमनी हसू दिलं आणि मग बोलल्या, "याला नुसती लबाडी म्हणून सोडू नका. ज्या बांधावर तलाठी पोचत नव्हता, पोलीस पोचत नव्हते, तिथलं भांडण चिमूटभर शेंदरानं मिटवलं. श्रद्धेत केवढी ताकद असते ते बघा." एका पोरीनं विचारलं, मग तो देव खरा की खोटा. मॅडम बोलल्या, "ते तू ठरव. मी नाही सांगणार."

मागं एक पोरगा मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. त्यानं धोंड्याचं वाक्य आणि हसणं एवढंच ठेवलं, बाकीचं कापलं.

तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आमच्या गावाच्या ग्रुपवर. "देव म्हणजे मुळात होडीचा भोक पाडलेला धोंडा," आणि हसणं. बस. गावाचं नाव नसलं म्हणून काय झालं, भोकाचा देव अख्ख्या खाडीत आमचाच. खाली दोनशे उलटे अंगठे आणि शिव्या. त्यातला एक अंगठा माझा होता. सगळे टाकत होते म्हणून मी पण टाकला. एवढीच माझी अक्कल.

सोमवारी दोन गाड्या भरून माणसं आली, पुढं अध्यक्ष. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका बोलतो. प्राचार्यांनी मला पिटाळलं, चहा आण, समोसे आण. भावना दुखावलेल्या माणसांनी दोन-दोन समोसे खाल्ले. चटणी संपली म्हणून मला परत पाठवलं.

"सर, तुमच्या कॉलेजात आमच्या देवाला धोंडा बोलतात?" अध्यक्ष बोलला.

"नाही हो, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर..."

"असतील तर न्हाय. दुखावल्यात."

मागून एक जण बोलला, "यांच्यात देव मानीत न्हाईत ना? मग आमच्या देवाचं कशाला उकरायचं?"

मॅडम एका बाजूला उभ्या होत्या. त्यांना बसा असं कुणी बोललं न्हवतं. स्टाफरूममध्ये माझी गोष्ट ऐकून हसलेल्यांतला एक पण तिथं फिरकला न्हवता. त्या बोलल्या, "मी काय मानते ते मी वर्गात कधीच सांगितलं नाही. अभ्यासक्रमात धडा आहे, तो शिकवला."

"अभ्यासक्रमात आमचा देव हाय?"

"नाही. ते एका माणसानं सांगितलं."

"कोण माणूस?"

माझ्या हातात ट्रे होता. मी रिकामे कप गोळा करायला लागलो. मॅडमनी माझ्याकडं एकदा पण बघितलं न्हाय.

"नाव सांगणार नाही. मुलांनाही तोच नियम शिकवलाय."

"म्हंजे मनानं रचलं."

प्राचार्य बोलले, "मॅडम, नाव सांगून टाका, विषय संपेल."

"नाही, सर."

तेवढ्यात प्राचार्यांना मी दिसलो. ज्या साहेबाला मी वर्षानुवर्षं पाणी देऊन दिसलो न्हाय, त्याला त्याच दिवशी दिसायचं होतं. "अरे, हा त्याच गावचा. यालाच विचारा ना."

अध्यक्ष माझ्याकडं वळला. त्याच्या बोटाला चटणी लागली होती. "काका, तुमचं शेत तर देवाला लागूनच होतं. तुमी सांगा. तुमच्या बाला सपनात दिसला ना देव?"

आता इथं मी सांगू शकतो की माझ्या डोक्यात बापाची अब्रू आली, ते दोन हात आले, माझी नोकरी आली. डोक्यात काय पण आलं न्हवतं. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला ते बरं वाटलं. तोंड आपोआप उघडलं.

"देव स्वयंभू हाय," मी बोललो. "माझ्या बापानं जमिनीतून वर येताना बघितला."

इथं तरी थांबावं. पण सांगणाऱ्याला समोर माणसं दिसली की थांबता येत न्हाय. मी पुढं बोललो, "धूर पण निघत होता."

दोघांनी तिथंच हात जोडले. मला आतून शिसारी आली, आणि ती त्यांची न्हवती. तेव्हा मॅडमनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय. पेपर तपासताना एखादं उत्तर दोनदा वाचतात तसं.

मग प्राचार्यांनी कागद पुढं केला. लिहा, मी खोटी गोष्ट सांगितली, माफी मागते. मॅडमनी लिहिलं, कुणाला वाईट वाटलं असेल तर मला त्याचं दुःख हाय. 'खोटी' लिहिलं न्हाय.

"एक शब्द आहे, मॅडम. एका शब्दानं काय होतं?"

"तोच एक लिहिणार नाही, सर."

गाड्या गेल्या. प्राचार्यांनी उरलेला समोसा उचलला आणि बोलले, "चांगलं शिकवायची, पण हट्टी." 'शिकवायची' बोलले. बाई अजून दारात होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली की तो धडा विद्यार्थ्यांनी घरी वाचावा आणि मॅडमचे तास अर्थशास्त्राचे सर घेतील. नोटीसवही वर्गावर्गात फिरवायचं काम कुणाचं, माझं. मीच ती फिरवली. मॅडमच्या वर्गात पण नेली. त्या शेवटचा तास घेत होत्या. वही हातात घेतली, वाचली, खाली सही केली आणि मला परत दिली. पोरं माझ्याकडं बघत होती. रेकॉर्ड करणारा पण बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मला माझंच तोंड दिसलं. पक्क्या जागेच्या मुलाखतीची यादी लागली तेव्हा मी ती बोर्डावर टाचली. नावं मला झटकन वाचता येतात. त्यांचं न्हवतं.

आणि माझा सत्कार झाला. खरंच. देवळात, रविवारी, देवासाठी उभा राहिला म्हणून. खांद्यावर शाल, हातात नारळ, अध्यक्षाचं भाषण. मी देवाकडं बघितलं तर आज्याच्या दोरीनं घासून घासून गुळगुळीत केलेलं भोक, त्यात चांदीचा डोळा बसवलेला. शाल टोचत होती. मानेला घाम, त्यात शालीचे धागे. तरी फोटोसाठी मी हसलो.

घरी बायकोनं शाल बघितली, नारळ हलवून पाणी हाय का ते बघितलं. मग बोलली, "सासऱ्यांनी खोटं केलं ते शेतासाठी केलं. तुमी कशासाठी केलं?"

नारळाची चटणी झाली, ती मी खाल्ली.

महिनाभरानं धीर करून नारपोलीला गेलो. मॅडमचं घर पॉवरलूमच्या गल्लीत. दोन्ही बाजूंनी खटखट चालू, बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागतं, आणि माफी मोठ्यानं मागायला लई अवघड जातं. त्या घरीच दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागल्या होत्या. मला दाराशी खुर्ची देऊन बसवलं. त्यांच्या आईनं चहा दिला. मला कुणी चहा देतं तेव्हा कप कुठं ठेवायचा ते कळत न्हाय.

मी पाठ करून आलेलं बोललो. "मॅडम, तुमी माझं नाव घेतलं न्हाय. माझी नोकरी वाचवली. हे उपकार मी..."

"तुमच्यासाठी नाही केलं," त्या बोलल्या. "नियम आहे. तुमच्या जागी कुणीही असता तरी नसतंच घेतलं."

हे मला लागलं. खोटं कशाला बोलू, इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना माझ्याबद्दल काय तरी हाय, कणव म्हणा.

"मी आता सगळ्यांना खरं सांगतो," मी बोललो. "प्राचार्यांना सांगतो, गावात सांगतो."

त्या उठल्या, कपाटातून एक वही आणली आणि पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. माझी गोष्ट होती. वर लिहिलं होतं, सांगणारा पुरुष, वय पंचावन्न, खाडीकाठचं गाव. नाव न्हाय. मी ओठ हलवत हलवत वाचत गेलो. आज्याचा धोंडा, बापाचा शेंदूर, दोन हात, सगळं जसंच्या तसं. आणि पानभर वरून खालपर्यंत एक लाल रेघ.

"हे खोडलं का, मॅडम?"

"एकाच माणसानं एकाच दगडाच्या दोन गोष्टी सांगितल्या. मी कुठली धरू?"

"पहिली खरी हाय. आईशप्पथ."

"दुसऱ्या गोष्टीला कुणी शपथ मागितली असती तर तिच्यावरही घेतली असती तुम्ही." त्यांनी वही मिटली. "तुमच्या शब्दाचा आता मला काहीच उपयोग नाही, काका. मुलं येतील एवढ्यात. दारातून जरा सरकून बसा."