लंकाबाईंच्या फोटोला हार

घोडेगावजवळच्या वस्तीवरच्या लंकाबाई पनीर करतात आणि झकास करतात, हे आधी ठणकावून सांगितलं पाहिजे, कारण ते मानायला हल्ली कुणी तयार नाही. दूध घरच्या म्हशींचं. उकळी आली की खाली उतरवून जरा दम खाऊ द्यायचा, मग कालच्या पनीरचं राखून ठेवलेलं आंबट पाणी पळीपळीनं सोडायचं. दूध फाटलं की जुन्या लुगड्याच्या धुवट फडक्यात बांधायचं आणि वर पाटा ठेवायचा. पाट्याखालून निघालेला पहिला तुकडा, कोमट असतानाच, वर मीठ भुरभुरून ठेच्याबरोबर ज्यानं खाल्ला त्याला पनीर कळलं. बाकीच्यांनी उगाच बोलू नये.

दुसऱ्याच्या आवडीचं त्यांना वावडं नाही. नात दिशा डोशावर ढीगभर चीज किसते, तेव्हा त्याही दोन घास खातात आणि "खारट हाय, पन ग्वाड लागतंय," म्हणतात. चीज निदान स्वतःच्या नावानं घरात येतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

तर हायवेवरच्या मच्छिंद्रच्या ढाब्याला लंकाबाईंनी तेरा वर्षं पनीर घातलं. ढाबा चालला तो त्या पनीरवर. मच्छिंद्रनंच हौसेनं पाटी रंगवून घेतली, 'लंकाबाईंचं घरचं पनीर'. मोबाईलवर त्यांचा फोटो काढला, स्टुडिओतून मोठा करून आणला आणि गल्ल्याच्या वर लावला. फोटोवाल्यानं त्यांना इतकं गोरं केलं होतं की घरची म्हैससुद्धा ओळखणार नाही.

मग दोन वर्षांपूर्वी नवा आचारी आला. लंकाबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पनीर ताट वाढताना टाकायचं, आधी नाही. या शहाण्यानं सकाळीच पातेल्यात लोटलं आणि दुपारपर्यंत रटरट शिजवलं. नरम पनीर ते, फुटणारच! मच्छिंद्रनं काय करावं? आचाऱ्याला दोन शब्द सुनवावेत? छे. त्यानं लंकाबाईंना निरोप पाठवला, "मावशी, तुमचं पनीर रश्श्यात टिकत न्हाई. उद्यापासून नको." आणि टेम्पोतून येणारं, पामतेल आणि पिठाचं, दुधाचा थेंब न बघितलेलं चौकोनी काहीतरी घ्यायला लागला. लंकाबाईंनी जिवाला लावून घेतलं, पण भांडल्या नाहीत. ज्याचा ढाबा त्याची मर्जी. पाटीचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

परवाच्या शुक्रवारी लंकाबाई आपल्या मुलाबरोबर, कानिफनाथबरोबर, घोडेगावच्या गुरांच्या बाजारात म्हैस घ्यायला गेल्या. कोपरगावकडचा बिभीषण नावाचा व्यापारी होता. माणूस जाणकार. म्हशीचा जबडा उघडून दात मोजले, शिंगाच्या वळ्यांवर बोट फिरवून किती वेतं झाली ते सांगितलं, कास दाबून दूध किती निघेल तेही सांगितलं. एकही गोष्ट खोटी बोलला नाही. सौदा ठरला, आणि विकणाऱ्यानं घेणाऱ्याला जेवू घालावं या रिवाजानं तो म्हणाला, "चला आक्का, आज तुमाला लंकाबाईचं पनीर खाऊ घालतो."

कानिफनाथ तोंड उघडणार तोच लंकाबाईंनी त्याचा हात दाबला.

"कोन ही लंकाबाई?" त्यांनी विचारलं.

"व्हती बिचारी एक म्हातारी. वारली. पन पनीर आजून तसंच, बरं का. घरचे लोक करत्यात."

आपल्या मरणाची बातमी लंकाबाईंनी अशी ऐकली. तरी गेल्या. ढाब्यात शिरल्या आणि गल्ल्याकडे बघितलं. फोटो होता. कपाळावर गंध, पुढं उदबत्ती, आणि फोटोला हा जाडजूड चंदनी हार! अरे, जित्याजागत्या बाईच्या फोटोला हार घालताना या माणसाचा हात कसा झडला नाही? जिच्या हातचं तेरा वर्षं विकलं, तिला धंद्यासाठी मारून टाकायचं? वर उदबत्ती?

ताटं आली. बिभीषणनं एक तुकडा बोटात धरून ताणला. "बघा आक्का, कसं रबरावानी ताणतंय. तुटायचं नाव न्हाई. ह्याला म्हनत्यात घरचं."

लंकाबाईंनी एक घास घेतला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. मग पिशवीतला डबा उघडला. त्यात भाकरी, ठेचा आणि पहाटे पाट्याखालून काढलेलं पनीर होतं. "हे खाऊन सांगा," त्या म्हणाल्या.

बिभीषणनं खाल्लं, शेजारच्या बाकावरच्या दोघा-तिघा व्यापाऱ्यांनाही दिलं. सगळ्यांनी विचारपूर्वक चघळलं. मग बिभीषण समजुतीच्या सुरात म्हणाला, "वाईट न्हाई, पन लई नरम हाय. दुधात पानी असंल. लंकाबाईची सर न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आता काय बोलायचं यावर? म्हशीच्या तोंडातले दात बिनचूक मोजणारी ही माणसं, स्वतःच्या तोंडात काय पडलंय ते यांना कळू नये! माझं तर डोकंच फिरलं. लंकाबाईंचं किती फिरलं असेल!

"मच्छिंद्रा!" त्यांनी अशी हाक मारली की आचारी झारा घेऊन बाहेर आला. मच्छिंद्र आला आणि जागीच पांढराफटक पडला.

"मी कवा मेले रं?"

"मावशी, हळू बोला. गिऱ्हाईक इचारायचं, बाई कुठं गेल्या म्हनून. काय सांगनार? तोंडातनं निघून गेलं. आनि हार तर आदरानं घातलाय हो."

"आदर तुझ्या चुलीत घाल. नाव पुस, फोटो काढ."

"नाव कसं पुसू? मानसं नावाला येत्यात. तुमचं काय जातंय त्यात?"

काय जातंय! साठीपर्यंत या बाईनं कमावलेली गोष्ट एकच, की लंकाबाईंचं म्हटलं की डोळे मिटून खावं. तीच चोरून हा माणूस विचारतो, काय जातंय.

लंकाबाईंनी वाद घातला नाही. खुर्ची ओढली, पदर खोचला, वर चढल्या आणि हारासकट फोटो उतरवला. मच्छिंद्र पुढं आला, तसा कानिफनाथ मध्ये उभा राहिला. बिभीषणचा घास हातातच राहिला होता. एकदा फोटोकडे, एकदा आक्कांकडे बघत तो बसून होता, पण ते गोरं तोंड आणि हे उन्हानं रापलेलं तोंड त्याला काही जुळवता येईना.

फोटो छातीशी धरून लंकाबाई दाराकडे निघाल्या. दारातल्या बाकावर एक ड्रायव्हर जेवत होता. फोटो जवळ आला तसा तो लगबगीनं उठला, उष्टा हात मागं धरला, डाव्या हातानं काचेला शिवून कपाळाला लावला. डोळे अगदी भरून आले होते त्याचे.

"लई पुन्यवान बाई," तो म्हणाला. "हिच्या हातचं खाऊनच आमी मोठे झालो."

"आरं, मग वर बघ की," लंकाबाई म्हणाल्या.

त्यानं मान वर केली. त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, आणि हळहळत विचारलं, "तुमी त्यांच्या बहीन का?"