कळंबला उतरलेलं औषध

सातवा आठवडा लागला की मी बोलायला वाईट होते. त्या वेळी मे महिना होता, शाळेला सुट्टी, त्यामुळे खेकसायला फक्त घरचेच उरले होते. माझं औषध दर आठ आठवड्यांनी, आणि ते संपत आल्याचं पोटाला सातव्यातच कळतं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होण्याचा हा आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या झाल्या, स्टिरॉइडने तोंड भाकरीएवढं झालं, आणि शेवटी सलाइनमधून द्यायचं हे महागडं औषध सुरू झालं. ते लागू पडलं आणि मी माणसांत आले. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, डोस लांबवायचा नाही. खंड पडला की शरीर या औषधाशीच भांडायला लागतं, मग ते उपयोगाचं राहत नाही. आणि तेही हातचं गेलं, तर आतडं काढायचं आणि पोटावर पिशवी.

त्या सातव्या आठवड्यात मला पुन्हा रक्त दिसलं होतं. मी नवऱ्याला तेवढं सांगितलं. बाहेरच्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, न सांगताच कळलं असणार. बोरीतलं आमचं घर लहान, आणि संडासाच्या कडीचा आवाज काही लपत नाही.

औषध नागपूरहून आणावं लागायचं, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांसह. दर वेळी नवरा आणायचा. या खेपेला त्याला रजा मिळेना, तेव्हा मामाजी म्हणाले, "मी जातो. नागपूर काय मले नवीन हाय?" मी त्यांना समोर बसवून तीनदा म्हणवून घेतलं. डबा उघडायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही. सरळ यवतमाळला दवाखान्यात यायचं. तिन्ही वेळा त्यांनी न चुकता म्हणून दाखवलं.

ते पहाटेच्या गाडीने गेले. दुपारी दोनपर्यंत पोचायला हवे होते. मी दीडलाच दवाखान्यात येऊन बाथरूमजवळची खाट धरली. दोन वाजले. अडीच. फोन लागेना. तीन. मी चार वेळा बाथरूमला जाऊन आले, दर वेळी वाटायचं की आपण आत आहोत तेवढ्यात ते येऊन परत जातील, म्हणजे काय वाटेल ते वाटायचं. सिस्टरनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, कारण औषध चढायलाच दोन तास लागतात आणि नंतर तासभर लक्ष ठेवावं लागतं. पावणेचारला मामाजी घामाघूम होऊन दारात आले. डबा पांढऱ्या दुपट्ट्यात बांधलेला, कपाळावर कुंकवाचा टिळा.

"बस लेट झाली," ते म्हणाले.

टिळा पाहूनच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सिस्टरनी डबा उघडला आणि आतलं खोकं वर धरलं. त्याच्यावर कुंकू होतं, आणि झाकणाच्या फटीत दूर्वांची एक काडी अडकलेली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, मी मामाजींकडे, आणि मामाजींनी छताच्या पंख्याकडे.

आमच्या घरी नवी वस्तू आधी कळंबला, चिंतामणी गणपतीच्या देवळात जाते. पेरणीचं बियाणं असो, माझी स्कूटी असो, माझ्या नोकरीचा कागदसुद्धा चिंतामणीच्या पायाला लागून मग कपाटात गेला. हे औषध तेवढं कधी गेलं नव्हतं, कारण आणणारा माझा नवरा, आणि तो वाटेत चहालाही उतरत नाही. मामाजींनी आपल्या परीने हिशेब लावला होता. सुनेला रक्त पडतं, म्हणजे औषध कमी पडतं, म्हणजे काहीतरी राहून गेलंय. नागपूरहून येताना कळंब वाटेतच लागतं. उतरले. पण थर्माकोलचा डबा चिकटपट्टीने बंद. देवाला दिसायला नको? म्हणून डबा फोडून खोकं थैलीत घातलं, डबा नारळवाल्याजवळ ठेवला आणि जमिनीखालच्या गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरले.

डॉक्टर आले. ते शांतपणे म्हणाले, "काका, औषध डब्याबाहेर किती वेळ होतं? पाचदहा मिनिटं असेल तर हरकत नाही. जास्त असेल तर या उन्हात मला भरवसा नाही."

मी डॉक्टरांच्या पाठीमागे खाटेवर होते. मी मामाजींना हाताची पाच बोटं दाखवली. परीक्षेत खुणा करणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते, आणि मीच खुणा करत होते. मला तो डोस त्या दिवशी हवा होता, काहीही करून. मामाजींना खोटं जमत नाही असंही नाही. तंबाखू सोडल्याचं ते कित्येक वर्षं सांगत आहेत.

त्यांनी बोटं पाहिली. नीट पाहिली.

"दीड घंटा, साहेब," ते म्हणाले. "चतुर्थी होती, लाइन लंबी. मंग बसमंदी बसल्यावर ध्यानात आलं का बरफ डब्यात हाय अन् औषध थैलीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या अंगात जाते ते, पोरी. मी कसं सांगू पाच मिनिटं?"

डॉक्टरांनी नागपूरला फोन केला, बराच वेळ बोलले, आणि मान हलवली. ही बाटली द्यायची नाही. नवीन शुक्रवारी येईल, म्हणजे चार दिवसांनी. मी सगळ्या वॉर्डासमोर मामाजींना म्हणाले, "आता तुमच्या देवालेच सांगा माहं आतडं वाचवाले." रिकामा डबा त्यांनी पुन्हा दुपट्ट्यात बांधला. मला त्याचाही राग आला.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. लोहारा मागे पडलं आणि माझ्या पोटात कळ आली. ही कळ मला ओळखीची आहे, ती वेळ देत नाही. बस खच्चून भरलेली, निम्मे लोक गावचे, दोघातिघांची पोरं माझ्याच वर्गातली. गाडी थांबवा म्हणायला तोंड उघडेना. मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

शेजारून मामाजी उठले. "थांबव रे बाबा गाडी. माह्या पोटात मुरडा आला."

"आजोबा, दहा मिनिटांत स्टॉप येते," कंडक्टर म्हणाला.

"मी धरन रे दम दहा मिनिटं, माहा पायजामा धरन का?"

सगळी बस हसली. ड्रायव्हरने पेट्रोल पंपापाशी गाडी उभी केली. "सूनबाई, धर मले, गरगरून राह्यलं," असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला आणि मला खाली उतरवलं. बसच्या आड जाताच हात सोडला. "जाय लवकर."

मी पंपावरच्या संडासात असताना ते दाराकडे पाठ करून बाहेर उभे होते आणि येणाऱ्याला सांगत होते, घरचं माणूस हाय आत.

आम्ही परत चढलो तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "आमरस बाधला काय आजोबा?" मामाजी म्हणाले, "लय खाल्ला बाप्पा," आणि सकाळपासून कितीदा जावं लागलं ते रंगवून सांगू लागले. आकडा त्यांनी बरोबर सांगितला, माझाच. पुढच्या बाईने पिशवीतून ओवा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. माझा राग गेला नव्हता. शुक्रवार अजून चार दिवस लांब होता आणि तोवर काहीही होऊ शकत होतं. तरी मला असं रडू येत होतं की मी पदर तोंडाशी धरला.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. "मॅडम, म्हाताऱ्या माणसाले अशा तब्येतीत घेऊन फिरता का?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. मी कंडक्टरकडे पाहत नव्हते. मामाजी ओवा चावत होते.