टॉवर दिखस का?

वायरलेस इंटरनेटच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी विचारतं, छत्री केवढी लावणार? आणि मी आधी विचारतो, टॉवर दिसतो का? बाकी सगळं या एका प्रश्नावर ठरतं. गच्चीवरून आमचा प्रकाशा गावातला टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तर ताटलीएवढं चपटं यंत्र पुरतं. मध्ये काही आडवं येत असेल, तर उंच पाइप आणि त्यावर सिग्नल पकडणारी मोठी छत्री. शहाद्याला दुकान टाकल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा विचारलाय की झोपेतही तोच बडबडतो, असं बायको म्हणते.

कळसाडीच्या त्या घरीही मी फोनवर तेच विचारलं. सूनबाईंनी फोन सासऱ्यांच्या हातात दिला. सासरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. "दिखस ना भाऊ," ते म्हणाले, "समोरच दिखस." आमच्याकडे अहिराणीत दिसतं म्हणायला दिखस म्हणतात. आता जन्मभर रस्त्यावर नजर ठेवलेला माणूस समोरच दिसतं म्हणतोय म्हटल्यावर शंका कसली घ्यायची? मी ताटली काढली, मोठी छत्री आणि पाइप नेहमीसारखे गाडीच्या टपावर होतेच, आणि निघालो.

सूनबाईंना घरबसल्या नोकरी मिळाली होती. विम्याच्या कंपनीचे फोन घ्यायचे, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. नवरा सुरतला कामाला. सोमवारी कंपनी त्यांचं नेट तपासणार होती आणि ते मध्येच तुटलं तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती. त्या कामाला बसल्या की त्यांच्या लहानग्या मुलीला आजोबांनी सांभाळायचं, असं घरात ठरलेलं. हे सगळं त्यांनी मला दारातच सांगितलं. वर म्हणाल्या, भाऊ, आता तुमच्या हातात आहे.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर गेलो तर चारी बाजूंनी धुकं, शेजारचा ऊससुद्धा धड दिसेना. सासरे, म्हणजे घरातले बाबा, माझ्यामागून जिन्याची भिंत धरत धरत वर आले. टॉवर कुठे, म्हटलं. त्यांनी हात लांब केला, "तो काय, तठे." मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मला काही म्हणजे काही दिसेना. नुकताच माझा नंबर वाढलेला, त्यामुळे वाटलं आपलेच डोळे गेले कामातून. म्हाताऱ्याला दिसतं आणि आपल्याला नाही, हे कबूल कोण करणार? मी हूं हूं केलं आणि त्यांच्या हाताच्या रोखाने ताटली बसवली.

तिथून माझं डोकं जे भंजाळलं ते भंजाळलंच. सिग्नल यायचा आणि जायचा. खाली सूनबाई लॅपटॉपसमोर बसून ओरडायच्या, आला, गेला, आला, गेला. केबल बदलली. केबलची टोकं नव्याने ठोकली. यंत्र बदललं, तरी तेच. मग वैतागून ताटली जरा जास्तच फिरवली आणि ती चुकून उसाकडे तोंड करून उभी राहिली, तर खालून आवाज आला, छान चाललंय! अरे, हा काय प्रकार? टॉवर एकीकडे आणि नेट येतंय दुसरीकडून? उसात काय माझ्या नावाचा टॉवर उगवलाय? पुन्हा सरळ केली, पुन्हा गेला. उसाकडे केली, आला, आणि जरा वेळाने तोही गेला. मी कपाळाला हात लावून टाकीच्या आडोशाला बसलो. बाबा म्हणाले, एसटीचं इंजिनही असंच दगा देतं, चहा पाजला की चालतं. मला हसायचीही ताकद नव्हती.

उन्हं वर आली तसं धुकं पार उडालं. मी उठून प्रकाशा गावाच्या दिशेला पाहिलं आणि जागच्या जागी थिजलो. समोर नवीन जिनिंगचं शेड. कापसाच्या त्या कारखान्याचे पांढरे पत्रे उन्हात डोळ्यांवर येत होते, आणि त्यांच्यामागे टॉवर असलाच तर तो कुठल्या कुठे झाकलेला. आता कोडं सुटलं. सिग्नल त्या पत्र्यांवर आपटून कुठेही उडत होता, म्हणून उसाकडून नेट. मोठी छत्री आणि उंच पाइप, दुसरा इलाजच नव्हता. पण मग सकाळपासून बाबांना दिसत काय होतं?

मी जवळ जाऊन सहज विचारलं, बाबा, आता दिखस का टॉवर? "दिखस ना," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा हात लांब केला. बोट त्या पांढऱ्या शेडच्या बरोबर मधोमध होतं. एवढं भलंमोठं शेड, आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. पण माझं गप्प होणं त्यांना ऐकू गेलं असावं. हात खाली आला. त्यांनी चाचपडत माझा खांदा धरला आणि हळूच म्हणाले, "सूनले नको सांगजो. पोरगीले कोन देखी मंग?"

सांगावं तर बाईची नोकरी जाते. न सांगावं तर एवढीशी पोर, ही बिनकठड्याची गच्ची, आणि तिच्यावर नजर ठेवायला हे डोळे. मी यंत्रं बसवणारा माणूस, मला या भानगडीत कुणी टाकलं? रागही आला, म्हाताऱ्याचा आणि माझाही. आणि त्यांनी माझा खांदा अजून सोडला नव्हता, त्याचं इतकं वाईट वाटलं की राग कुठे ठेवावा तेही कळेना.

तेवढ्यात चहाचे कप घेऊन सूनबाई जिना चढत आल्या. शेवटच्या पायरीवरून त्यांनी विचारलं, भाऊ, आता तरी दिसतोय का टॉवर?

मी तोंड उघडलं, पण बाबाच बोलले.

"नही दिखस, माय."

त्या थांबल्या. शेडकडे पाहिलं, मग फोनवर समोरच दिसतो म्हणणाऱ्या बाबांच्या चेहऱ्याकडे. कप तिथेच पायरीवर ठेवले.

"कधीपासून, बाबा?"

सूनबाई बाबांचा हात धरून त्यांना गच्चीच्या कडेपासून टाकीजवळ घेऊन आल्या, आणि मला म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम करा भाऊ, सोमवारची तपासणी मी देणार आहे. मुलीला सांभाळायला माझी आई येईल, आणि बाबांना नंदुरबारला डोळ्यांच्या दवाखान्यात नेते. इतकं साधं होतं ते, आणि त्याच्यासाठी हा माणूस किती दिवस भिंती धरून फिरत होता कोण जाणे.

मी गाडीच्या टपावरचे पाइप सोडले. मोठी छत्री शेडच्या वर निघेल इतकी चढवली, तारांनी ताणून बांधली. खालून सूनबाई ओरडल्या, आला, आणि या वेळी सिग्नल गेला नाही. बाबा टाकीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली, पण छत्री होती त्याच्या दुसऱ्याच बाजूला.

"छत्रीले तरी दिखस का?" त्यांनी विचारलं.

दिखस बाबा, म्हटलं.