सरलेली अमावास्या

वेदवतीअक्का रोज पहाटे कुंभकोणमला मेलकावेरीच्या घाटावर कळशी भरायची, आणि पायऱ्या चढण्याआधी त्यातलं ओंजळभर पाणी परत नदीत सोडायची. बायका चिडवत, "अक्का, कावेरीला कावेरीच वाढतेस काय?"

"पुढे जाऊं दे की," ती म्हणायची.

पुढे म्हणजे समुद्राला. तिचा एकुलता मुलगा वेणुगोपाळ नागपट्टणमहून बोटीने मलायाला नोकरीसाठी गेला आणि लढाईच्या दिवसांत तिकडेच वारला. अस्थीसुद्धा आल्या नाहीत. कुंभकोणमहून समुद्र काही फार लांब नाही, पण अक्काने तो कधी पाहिला नव्हता. त्या पाण्याला एकदा हात लावायचा, एवढंच तिने धाकट्या भावाकडे, विजयराघवकडे मागितलं होतं.

घरचा रिवाज कडक. पर्वाच्या तिथीखेरीज समुद्राला शिवायचं नाही. म्हणून १९५५ साली विजयराघवने कार्तिकातली अमावास्या धरली. दुपारपर्यंत तिथी होती. भाड्याची मोटार आली. तो, त्याची बायको, त्यांची लहानगी जया आणि अक्का असे पावसातच निघाले. अक्काने चिंचेच्या भाताचा एवढा मोठा डबा घेतला, की ड्रायव्हर रामलिंग म्हणाला, "अम्मा, हा बसला, आता मी कोठे बसूं?" अक्का हसली. त्या दिवशी ती फार हसत होती.

वाटेत गोविंदपुरमच्या मठात दर्शनापुरतं उतरायचं ठरलं होतं. आत भजन चाललं होतं. विजयराघवचा आवाज गोड, ओळखीच्यांनी त्याला ओढून बसवलं. "एकच अभंग, अक्का." एकाचे अनेक झाले. मंगळारती होईपर्यंत भजनातून उठायचं नसतं, हे अक्कालाही ठाऊक होतं. ती शेवटपर्यंत टाळी धरून बसली. मधून मधून तेवढं दाराकडे पाहत होती.

मायवरमच्या पुढे रस्त्यावर पाणी आलेलं. ते ओसरेपर्यंत मोटार उभी राहिली. कावेरी समुद्राला मिळते त्या पूंपुहारची वाट बंदच होती, म्हणून तरंगंबाडीच्या किनाऱ्याकडे वळले.

समुद्र राखाडी होता. पाऊस कोठे संपतो आणि समुद्र कोठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. अक्का उतरून वाळूवरून चालू लागली, तशी विजयराघवने मागून हाक मारली.

"अक्का, थांब. तिथी सरली."

"कधी?"

"आपण रस्त्यात अडकलो, तेव्हाच." त्याला तिच्याकडे बघवेना. "तै महिन्याच्या, पौषातल्या अमावास्येला परत येऊं. नक्की येऊं."

त्याची बायको हळूच म्हणाली, "अक्का, एवढ्या पावसांत कोण पाहतंय? हाताचं एक बोट तरी बुडवा."

"पाहायला कोणी कशाला हवं?" अक्का म्हणाली, आणि होती तिथेच उभी राहिली. लाट वर येई, तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबे आणि माघारी जाई.

एवढ्यात जया हात सोडवून धावली. गुडघाभर पाण्यात नाचून, बापाच्या शिव्या खात परत आली.

"ओरडूं नको रे. पोर आहे," अक्का म्हणाली. तिने जयाला मोटारीच्या पायरीवर बसवलं, स्वतः ओल्या वाळूत बसली आणि पदराने तिचे पाय पुसू लागली. घोटे, टाचा, बोटांच्या मधल्या जागा. रामलिंगने फडकं पुढे केलं.

"नको," ती म्हणाली. पुसून झाल्यावरही पाय तिने बराच वेळ पदरात धरून ठेवले.

सोवळ्याओवळ्याची एवढी काटेकोर बाई, पण घरी आल्यावर तिने ते लुगडं धुतलं नाही. वाळवून, घडी करून उशाशी ठेवलं.

मार्गशीर्षातल्या गार पावसात तिला ताप भरला. तैची अमावास्या काही तिला गाठता आली नाही. ती गेली त्या सकाळी जया अंगणातून भिजून आत आली. अक्काने डोळे उघडले आणि उशाशी त्या लुगड्यावर ठेवलेला हात तिच्यापुढे केला.

"ओल्या पायांनी फिरूं नको गे. इकडे ये, पुसते."