दुपारची चुकीची उत्तरं

आमच्या भांडुपच्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर आहे. मिक्सरला, टीव्हीला, फ्रिजच्या हँडललासुद्धा. सगळी आईने शिवलेली. एके काळी आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे असायचे. मग तिला कंपवात झाला आणि शिलाई मशीन पलंगाखाली गेलं.

डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही, फक्त लांबवता येतो. मला हातावर हात ठेवून बसायला जमत नाही. कुठेतरी वाचलं की लांबच्या एका विद्यापीठातले शास्त्रज्ञ या आजारात मेंदूतलं प्रथिन कसं वेडंवाकडं दुमडतं ते कॉम्प्युटरवर करून बघतात, आणि त्या अवाढव्य गणिताचे तुकडे लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरना वाटतात. माझ्याकडे ऑफिसने काढून टाकलेला एक जुना पीसी होता. तो मी चोवीस तास चालू ठेवला. आईला सांगितलं, "हा तुझ्या हातासाठी काम करतोय." तेव्हापासून सकाळी देवांचं झालं की ती त्यालाही कुंकवाचं बोट लावायची. मी हसायचे, पण बरं वाटायचं.

ते लोक एकट्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवत नाहीत. एकच तुकडा दोन अनोळखी घरांत जातो. उत्तरं बारीकसा फरक सोडून जुळली तर मान्य. नाही जुळली तर तिसऱ्या घरी पाठवतात, आणि ज्याचं उत्तर एकटं पडेल त्याचं फेकून देतात.

माझी उत्तरं एकटी पडत होती. त्यांच्या साइटवरच्या माझ्या पानावर 'अमान्य'ची रांग लागली. पहिले काही आठवडे मी समोरच्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. ते दोघे मिळून चुकले असतील, असंही स्वतःला सांगून बघितलं. शेवटी स्वयंसेवकांच्या चर्चेच्या पानावर विचारलं. कोणीतरी लिहिलं, मशीन तापत असेल, जुनं मशीन तापलं की बंद न पडता गुपचूप चुकतं, वेळा तपासा. मी तपासल्या. रविवारची उत्तरं ठीक होती. चुकलेली सगळी इतर दिवसांची, मी घाटकोपरला ऑफिसात असतानाची.

एका बुधवारी अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. पीसीवर जुन्या सुती साडीचं घट्ट कव्हर होतं. हवेची जाळी पूर्ण झाकलेली. हात लावला तर चटका बसला.

"आई, हे काय?"

"धूळ बसता गो त्याच्यार. तू गेलंस की घालतंय."

"मग मला कधी कसं दिसलं नाही?"

"शिवण वाकडी झाली हा. तू बघशीत म्हणान तू येवच्या आधी काढून ठेवतंय."

माझं डोकं फिरलं. "किती महिने फुकट घालवलेस तू. तुझ्याच आजाराचं काम होतं ते." बोलून गेले आणि लगेच लाज वाटली.

"मगे ता काम तसाच रवला?" तिने विचारलं.

"नाही. दुसऱ्यांनी केलं."

"मगे बरा झाला," म्हणाली आणि कव्हर काढून त्याची घडी घालायला लागली. घडी जमेना. मी ते हातात घेतलं. सगळी हातशिलाई होती. टाके कुठे बोटभर लांब, कुठे एकमेकांवर चढलेले. सुईत दोरा तिने कसा ओवला असेल, मला अजून कळलेलं नाही. तिला आता सुई धरवणार नाही, असं डॉक्टरांचं आणि माझं कधीच एकमत झालं होतं.

आता माझी उत्तरं जुळतात. ते पान मी पूर्वीइतकं उघडत नाही. मध्यंतरी नवा मिक्सर आणला, तेव्हा तिला म्हटलं, "आई, याला कव्हर शिवतेस का? शिवण कशीही चालेल."

तिने हात पदराखाली घेतले.

"नको गो," ती म्हणाली. "परत कायतरी बिघडात."